गंधासाठी राखलेली जागा

रविवार, १० ऑगस्ट २०२५

माझी संमती गृहीत धरून आज मला एका रोबोचा पालक नेमण्यात आले. ‘पालक’ हा शब्द आमच्या अपार्टमेंट असोसिएशनचे सचिव गुरुमूर्ती यांचा; मी स्वतः तो वापरला नसता.

वस्तुस्थिती अशी. असोसिएशनच्या तळमजल्यावरील सभागृहात मुलांचा रोबोटिक्स संघ चालतो. गेल्या वर्षी तो एकच होता आणि त्यात दुसऱ्या ब्लॉकमधली जननी ही एकटी मुलगी होती. वर्षभर तिने पोस्टर रंगवले. यंत्राचा एक स्क्रूदेखील कोणी तिच्या हाती दिला नाही. यंदा माझी मुलगी हरिप्रिया, जननी आणि रुचा या नववीतल्या तिघींनी आपला स्वतंत्र संघ मागून घेतला. त्यांना शिकवणारा तरुण इंजिनियर बदली होऊन हैदराबादला गेला, आणि प्रत्येक संघामागे एक जबाबदार प्रौढ व्यक्ती हवी, असा स्पर्धेचा नियम आहे.

गुरुमूर्तींनी आणखी एक गोष्ट हसत हसत, मनात कोणताही आकस न ठेवता सांगितली. चार ऑक्टोबरच्या फेरीतून मुलींचा संघ पुढे गेला नाही, तर पुढील वर्षापासून पुन्हा एकच संघ. मुलगे यंत्र पाहतील, मुली पोस्टर आणि भाषण पाहतील. ज्याचे त्याला शोभते. जननी तेव्हा जिन्यापाशी उभी होती. तिने ते ऐकले.

मी हरकत घेतली की मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून पंपांच्या कारखान्यात हिशेब पाहतो. यंत्राविषयी मला एवढेच ठाऊक आहे की ते दरवर्षी घसाऱ्याने कमी होत जाते. यावर माझी पत्नी वसंता म्हणाली, “तुम्हांला येतें तितकेंच करा. पोरींजवळ बसा, आणि त्यांच्या हातांतलें कोणाला काढूं देऊं नका.”

योग्य इंजिनियर मिळेपर्यंत हे पद मी तात्पुरते स्वीकारले आहे. तसे गुरुमूर्तींना लेखी कळवले.

रविवार, १७ ऑगस्ट

पहिली बैठक. यंत्र टिफिनच्या डब्याहून थोडे मोठे आहे. दोन चाके, मागे आधाराला एक फिरती गोळी, पुढे उचलण्याचा हात. स्पर्धेसाठी जमिनीवर एक छापील चटई अंथरतात आणि तिच्या चारी कडांना फळ्यांची बुटकी भिंत उभी करतात. यंदा तिच्यावर बंदर काढलेले आहे. काळ्या रेघेवरून चालत जाऊन रोबोने जहाजातले डबे उचलायचे आणि ज्याच्या त्याच्या गोदामात नेऊन ठेवायचे. ही कल्पना मला पटली. मालाची आवक आणि साठवण हा निदान माझ्या परिचयाचा विषय आहे.

रुचाने बरेच भराभर समजावले. रोबो रेघ पाहत पाहत चालतो, एवढे मी टिपून घेतले. त्याला समोर दोन वाटोळे डोळे आहेत, ते मी स्वतः पाहिले.

रुचाचे कुटुंब नाशिकहून तीन वर्षांपूर्वी इकडे आले. वडील इथल्याच आयटी कचेरीत आहेत. आमच्या घरात तंजावरची जुनी मराठी चालते, तीत निम्मी तमिळ. (ही दैनंदिनी मात्र वडिलांनी माझ्याकडून गिरवून घेतलेल्या पुस्तकी मराठीत लिहितो.) हरिप्रिया आज म्हणाली, “चाक फिरतें पण बंडी सरत नाहीं, कां मा?” त्यावर रुचा म्हणाली, “तू ना, एखाद्या बखरीतून उठून आल्यासारखी बोलतेस.” हरिप्रियाने उत्तर दिले, “तुझी मराठी बातम्यांतली. कोणी वारल्यासारखी.” जननीला दोघींचेही कळत नाही, म्हणून ती दोघींनाही हसते. तिघींची कामाची भाषा तमिळ आहे.

मला एक अप्पा म्हणते, एक काका आणि एक अंकल. सभागृहात तीनही हाका एकदम आल्या की कोणाकडे वळावे, याचा क्रम मी अद्याप ठरवलेला नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

यंत्रातले मला काही येत नाही, ही गोष्ट आज मला फार टोचली. तिघी जमिनीवर पालथ्या पडून काम करत होत्या आणि मी खुर्चीत बसून पंख्याकडे पाहत होतो. उपयोग नसलेल्या माणसाची शेवटी अडगळ होते.

दुपारी मात्र एक दोष माझ्या लक्षात आला, आणि तो यंत्राचा नव्हता. कालपर्यंत नीट चालणारा रोबो आज डबा टाकू लागला. चौकशी केली तेव्हा कळले की रुचाने प्रोग्रॅम बदलला, त्याच वेळी जननीने हात घट्ट केला आणि हरिप्रियाने बॅटरी सरकवली; कोणी कोणाला सांगितले नाही. हा प्रकार मी कारखान्यात आयुष्यभर पाहत आलो आहे. मी भिंतीवर पांढरा फळा लावला आणि दोन नियम घातले. एका वेळी एकच बदल. आणि जी बदल करील, तिने तो तपासायचा नाही. करणारी वेगळी, तपासणारी वेगळी.

तिघींनी एकमेकींकडे पाहिले. कुरकुर झाली.

संध्याकाळी चष्म्याचे घर विसरलो म्हणून परत गेलो, तर दाराबाहेरूनच माझा आवाज ऐकू आला. जननी माझी नक्कल करत होती. काल्पनिक चष्मा नाकावर बसवून, घसा खाकरून, “करणारी वेगऴी, तपासणारी वेगऴी,” हे माझे वाक्य ती तमिळ उच्चारात म्हणत होती. मला क्षणभर वाईट वाटले. नंतर जाणवले की मी बोलण्यापूर्वी दोनदा घसा खाकरतो, हेही तिने सोडलेले नाही. निरीक्षण अचूक होते. चष्म्याचे घर न घेताच परत आलो.

शनिवार, ६ सप्टेंबर

जॉर्ज टाउनच्या बाजारात गेलो. रोबोच्या हाताला डबा घट्ट धरता यावा म्हणून जाड रबरी कड्या हव्या होत्या. जननी आणि हरिप्रिया सोबत.

घाऊक दुकानदार सुट्या कड्या द्यायला तयार नव्हता. पण ती अडचण वेगळी. जननी विचारत होती आणि तो उत्तर मला देत होता. कडी ताणली की चिरते का, उन्हात चिकट होते का, असे नेमके प्रश्न ती करी आणि तो माझ्याकडे वळून म्हणे, “सार, मुलाच्या प्रोजेक्टला हीच चालते.” दोन वेळा मी ऐकून घेतले. तिसऱ्या वेळी म्हणालो, “विचारते आहे ती. सांगायचे तिला. मी फक्त पिशवी धरायला आलो आहे.”

तो हसला आणि मग तिच्याशी बोलू लागला; बोलू लागल्यावर चांगला बोलला. निघताना त्याने निवडून दिलेल्या कड्या जननीने परत केल्या आणि दुसऱ्या घेतल्या.

बसमध्ये हरिप्रिया बराच वेळ माझ्याकडे पाहून हसत होती. कारण विचारले, तर म्हणाली, “काहीं नाहीं अप्पा. पिशवी नीट धरलीत.”

मंगळवार, १६ सप्टेंबर

मुलींच्या क्वार्टर्ली परीक्षा चालू आहेत. सभागृह बंद. संध्याकाळी सहज खाली जाऊन कुलूप पाहून आलो.

रविवार, २१ सप्टेंबर

गुरुमूर्तींनी इंजिनियर शोधून आणला. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात नोकरी करणारा, विनयशील तरुण. दर रविवारी यायला तयार होता.

मी त्याची रीतसर मुलाखत घेतली. ज्ञान उत्तम असावे. मला ते पारखता आले नाही. परंतु त्याने फळ्यावर लिहून दाखवले, ते अक्षर मला लागले नाही. शिवाय वर्ष संपत आले असताना जबाबदार माणूस बदलणे कोणत्याही शिस्तीत बसत नाही. ही दोन्ही कारणे गुरुमूर्तींना सांगितली. ते म्हणाले, “वर्ष कुठे संपतंय, राव? सप्टेंबर आहे.” मी म्हणालो, मी स्पर्धेचे वर्ष म्हणतो आहे.

तात्पुरतेपण त्यामुळे थोडे लांबले आहे. नाइलाज.

बुधवार, २४ सप्टेंबर

घरी कोलू मांडला आहे. वसंताने यंदाही पायऱ्यांवर बाहुल्यांच्या रांगा लावल्या: वर देव, मध्ये राजाराणी, खाली वाणी आणि वाणीण. नवरात्राच्या या दिवसांत शेजारच्या बायका बाहुल्या पाहायला येतात. त्यांना हळदकुंकू, विड्याची पाने आणि वाटीत सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, द्यायचे.

आज ते सुंडल रोबोने दिले.

ही कल्पना जननीची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून कोलूपर्यंत तिने काळी टेप चिकटवली. वसंता वाटी ठेवी. रोबो टेपेवरून हळूहळू येई आणि पाहुण्यांच्या पुढ्यात थांबे. पहिल्या फेरीत त्याने वाटी राणीच्या पायांशी नेऊन ठेवली. सगळ्या इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

गुरुमूर्तींच्या मातोश्रींनी, ज्यांना सर्व जण पाटी, म्हणजे आजी, म्हणतात, वाटी उचलली, दोन दाणे खाल्ले आणि विचारले, “कोणी केलं हे? मुलांनी?”

“मी केलं, पाटी,” जननी म्हणाली. “आम्ही तिघींनी.”

पाटींनी तिचा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, बांगडी पाहावी तसा. मग म्हणाल्या, “उद्याही येते. मीठ थोडं जास्त घाला.”

रविवार, २८ सप्टेंबर

चाचणी उत्तम झाली. रोबो रेघ सोडत नाही, डबे जागच्या जागी जातात. मुलग्यांचा संघही चांगला आहे. त्यांचे यंत्र आमच्यापेक्षा चपळ आहे, हे मान्य करणे भाग आहे.

फळा पुसताना जननी एकटीच मागे राहिली होती. मी तिला सहज म्हणालो की गेल्या वर्षीचे पोस्टर मी पाहिले होते, रंगसंगती सुबक होती. ती म्हणाली, “अंकल, त्या पोस्टरवर रोबोचं चित्र होतं ना, ते मी फोटो बघून काढलं. खरा रोबो टेबलावरच होता. मला म्हणाले, हाताला रंग आहे, लांब राहा.”

फळ्याचे फडके मी तिच्या हातून घेतले आणि धुऊन आणले. ते पुरेसे नव्हते, याची मला जाणीव आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. विजयादशमी

काल सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा होती. दैनंदिनी व लेखणी दोन्ही पूजेत असल्यामुळे काहीही लिहिले नाही. कालचे आज लिहितो.

या दिवशी पुस्तके आणि अवजारे देवीपुढे ठेवायची आणि विजयादशमीच्या सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमची, किंबहुना या साऱ्या प्रांताची रीत. मी रोबो, लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हरची पेटी पूजेला मागितली. तिघींचा चेहरा उतरला. स्पर्धा तीन दिवसांवर, आणि एक दिवस वाया. हरिप्रिया म्हणाली, “अप्पा, देवीला काय, तिला ठाऊक नाहीं का शनिवारीं काय तें?” मी ठाम राहिलो. नंतर मात्र मनात आले, मी निष्ठुरपणा तर करत नाही ना?

पूजा मी स्वतः, कोणतीही घाई न करता केली. गंध उगाळून अनामिकेने एकेका भागाला टिळा लावला आणि त्यावर कुंकू. दोन्ही चाके, हात, बॅटरीचे झाकण. समोरचे दोन वाटोळे डोळे कटाक्षाने टाळले. दृष्टीवर गंध येता कामा नये, एवढे मला यंत्र न शिकताही कळते. दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळाच्या जागी, टिळा लावला. उलटून पाहिले तेव्हा पोटाखाली एक बारीक वाटोळी खिडकी आढळली, बेंबीसारखी. ती कोणाच्या नजरेस पडत नाही म्हणून वगळणे मला अन्यायाचे वाटले. तिलाही लावला, आणि जरा सढळ हाताने.

दिवसभर यंत्र नाही, पुस्तक नाही, लेखणी नाही. मुलींनी सभागृहात आंधळी कोशिंबीर सुरू केली. जननीच्या डोळ्यांवर ओढणी बांधून तिलाच रोबो केले. रुचा हुकूम देई: पाच पावले पुढे, उजवीकडे वळ. जननी पावले मोजत जाई, वाट चुकली की भिंतीपर्यंत जाऊन पाठ टेकी, सरळ होई आणि पुन्हा तिथून मोजू लागे. असे करत ती डोळे बांधूनच खुर्चीवरची केळी घेऊन दाराशी आली. मी हे पाहून खिन्न झालो. स्पर्धेच्या तोंडावर पोरखेळ चालला होता आणि त्याला कारण मीच होतो.

आज सकाळी पुनर्पूजा करून यंत्र त्यांच्या स्वाधीन केले. सुरू करताच रोबो रेघ सोडून सरळ भिंतीवर गेला. पुन्हा केले, पुन्हा तेच.

दुपारपर्यंत बॅटरी बदलून झाली, चाके काढून घालून झाली, प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून झाला. प्रत्येक बदल फळ्यावर, करणारी आणि तपासणारी यांच्या नावांसह. दोष कुठेच सापडत नाही. रुचाच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, “काका, काल तर हात पण नव्हता लावला. मग बिघडला कसा?” हात कोणीच लावला नव्हता, याची ग्वाही मी दिली.

मग जननी म्हणाली, “त्याला दिसत नसेल तर नसू दे. काल मला कुठे दिसत होतं?”

तिघी एकदम उठल्या. संध्याकाळपर्यंत रुचाने दुसरा प्रोग्रॅम लिहिला: रेघ पाहायचीच नाही, चाकांचे फेरे मोजायचे, भिंतीला पाठ टेकून सरळ व्हायचे, पुन्हा मोजायचे. चालतो, पण एखाद्या वृद्धासारखा.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दोष सापडला. धूळ होती.

दुपारी जननी चटईवर पालथी पडली आणि रोबो डोक्यावर उचलून तिने खालून पाहिले. मी खुर्चीत कॉफी पीत होतो. तिने हरिप्रियाला बोलावले. हरिप्रियाने पाहिले आणि रुचाला बोलावले. तिघींनी पोटाखाली पाहिले, मग एकमेकींकडे, आणि मग, का कोण जाणे, माझ्याकडे.

“काय आहे?” मी विचारले.

“धूळ, अंकल,” जननी म्हणाली. तिचा आवाज थोडा घोगरा झाला होता. सर्दी होऊ नये म्हणजे मिळवली. हरिप्रिया तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. रुचाने कापूस ओला करून फिरवला. कापूस पिवळा, काहीसा तांबूस निघाला. म्हणजे धुळीबरोबर गंजही असावा. सभागृह उद्यापासून दोन वेळा झाडून घेण्याची सूचना मी असोसिएशनला देणार आहे.

कापूस फिरवताच रोबो पूर्वीसारखा रेघेवरून चालू लागला. रुचाला आता कालचा दुसरा प्रोग्रॅम पुसून टाकायचा होता. उगाच गोंधळ नको म्हणून. मी परवानगी दिली नाही. लिहिलेली नोंद खोडायची नाही, हा माझ्या विद्येचा पहिला संस्कार. चुकली असेल तर पुढे दुसरी लिहावी. पण पहिली जागेवर राहते. ती म्हणाली, “काका, हे तुमचं अकाउंट नाहीये.” मी म्हणालो, असो, राहू दे. राहिला.

घरी आल्यावर वसंतालाही खोकला लागलेला दिसला. पदर तोंडाला लावून ती दोनदा स्वयंपाकघरात गेली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

शक्य तितके क्रमाने लिहितो.

स्पर्धा आवडी या उपनगराच्या बाजूला एका कॉलेजात होती. व्हॅनमधून दोन्ही संघ एकत्र गेलो. गुरुमूर्ती मुलग्यांबरोबर, मी मुलींबरोबर, आणि कोणीही न बोलावलेल्या पाटी पुढच्या सीटवर. निघण्यापूर्वी मी घरून वाटीत थोडे गंध घेतले होते. रोबोला टिळा लावण्यासाठी पुढे झालो, तर तिघी एकदम माझ्या आणि रोबोच्या मध्ये उभ्या राहिल्या. हरिप्रिया म्हणाली, “अप्पा, आज आम्हांला लावा.” मला ते फार आवडले. तिघींच्या कपाळी लावले.

कॉलेजच्या सभागृहाला उंचावर मोठ्या खिडक्या आहेत आणि चटया नेमक्या त्यांच्याखाली. प्रत्येक संघाला दोन संधी. त्यांतली चांगली धरायची. ऊन थेट चटईवर पडत होते, आणि त्या उजेडात काळी रेघ रोबोंना दिसेनाशी होत होती. गुरुमूर्तींच्या मुलग्यांचे चपळ यंत्र पहिल्याच वळणावर चटईवरच्या समुद्रात गेले. आमचेही पहिल्या संधीत दोन डबे ठेवून भरकटले आणि गोल फिरत राहिले.

जननी आपल्या हातांकडे पाहत होती.

मग ती म्हणाली, “दुसरा घालू या. डोळे बांधलेला.”

रुचा घाबरली. तो प्रोग्रॅम नीट तपासलेला नव्हता, आणि बिघडला तर खापर तिच्यावर. तिघींनी माझ्याकडे पाहिले. माझ्या आयुष्यात इतक्या अपेक्षेने माझ्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल, आणि द्यायला माझ्यापाशी काहीही नव्हते. मी एवढेच म्हणालो, “लिहिला रुचाने. तेव्हा रुचा बोलणार नाही. तपासणारी हरिप्रिया आहे. मी यंत्र जाणत नाही. हरी, तू सांग.”

हरिप्रिया जमिनीवर बसली, लॅपटॉप मांडीवर घेऊन वरपासून खालपर्यंत वाचत गेली. रांगेतला पुढचा संघ उतावीळ झाला होता. तिने मान वर केली नाही. शेवटी म्हणाली, “एक वळण कमी आहे. बाकी सेरी.” म्हणजे ठीक. रुचाने ते वळण घातले.

रोबो निघाला. हळू, फारच हळू, एखाद्या म्हाताऱ्याने देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. भिंतीपर्यंत गेला, पाठ टेकली, सरळ झाला, वळला. एक डबा ठेवला. पुन्हा भिंतीला टेकला. उन्हाकडे त्याने पाहिलेच नाही. माझ्या शेजारी पाटी प्रत्येक वळणाला पुटपुटत होत्या, “पो, कण्णा, पो,” जा बाळा, जा. शेवटचा डबा तिरका बसला. पण गोदामात बसला.

नंतर काय झाले ते मला सलग आठवत नाही. माझा चष्मा कोणीतरी तुडवला. जननी मला मिठी मारून रडत होती आणि तिच्या कपाळीचे गंध माझ्या शर्टाला लागले होते. निकाल तासाभराने आला. आमचा संघ दुसरा, पुढच्या फेरीत.

परतताना व्हॅनमध्ये जननी मुलग्यांना चाकांचे फेरे कसे मोजतात ते समजावत होती आणि ते ऐकत होते. गुरुमूर्ती म्हणाले की आता पुढच्या फेरीसाठी सगळे मिळून एकच मोठा संघ केला तर ताकद वाढेल. पाटींनी मागे न वळता विचारले, “आणि पोस्टर कोण करणार? तुझी मुलं?” व्हॅन हसली. गुरुमूर्तीही हसले, पण मग गंभीर होऊन म्हणाले, “नको. मुलींचा संघ मुलींचाच राहील, पुढल्या वर्षीही.” मी त्यांना तसे लेखी द्यायला सांगितले. त्यांनी दिले, व्हॅनमध्येच.

यंत्र आणि भक्ती यांची गल्लत मी करत नाही. तरीही प्रामाणिकपणे नोंदवतो: त्या दिवशी पूजा केली नसती, तर आंधळी कोशिंबीर झाली नसती, आणि आजचा दिवसही झाला नसता. हे मी रात्री जेवताना बोलून दाखवले. वसंता म्हणाली, “खरेंच. तुमच्या पूजेनेंच झालें.” इतक्या मनापासून तिने माझ्याशी सहमत व्हावे, असे फार वेळा घडलेले नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

पुढच्या फेरीसाठी नवा रोबो. रविवारच्या बैठकीत दोन मुलगे पोस्टरच्या कामासाठी विचारायला आले होते. जननीने त्यांना आधी हात धुऊन या म्हणून सांगितले, आणि आल्यावर रोबो त्यांच्या हातात दिला. पोस्टर नंतर करा म्हणाली.

गुरुमूर्तींनी आठवण करून दिली की माझी नेमणूक तात्पुरती होती. मी उत्तरादाखल नवे पत्र लिहिले आहे. त्यात तो शब्द नाही.

आज सकाळी जननीने माझ्यापुढे कागद आणि कुंकवाचा करंडा ठेवून उजव्या हाताच्या अनामिकेचा ठसा मागितला होता. कशासाठी, ते सांगितले नाही. संध्याकाळी रुचाने नव्या यंत्राचा आराखडा दाखवला. बॅटरी, मोटर, हात, सर्व नीट नावांनिशी. वरच्या सपाट झाकणावर मात्र एक वर्तुळ होते, ज्याचे यंत्रात काहीही काम नाही. त्याखाली तमिळमध्ये आणि मराठीत लिहिले होते: गंधासाठी.

“अंकल,” जननी अगदी गंभीरपणे म्हणाली, “पुढच्या पूजेला गंध इथेच लावायचं. दुसरीकडे कुठेही नाही. प्रॉमिस?”

मी वचन दिले. आजच्या मुलांना आपल्या रीतीभातींची चाड नाही, असे जे म्हणतात, त्यांना हा आराखडा दाखवावा. मी नवा चष्मा काढून डोळे टिपले. हरिप्रिया खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे खांदे हलत होते. तिलाही भरून आले असावे.

सर्व जणी गेल्यावर मी कागद टेबलावर सरळ केला आणि त्या वर्तुळावर अनामिका टेकवून पाहिली. तंतोतंत बसली.